‘समान’च्या उलट काय?

विरुद्धार्थी शब्दांचा धडा मराठी शाळेत पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. डाव्या हाताला एक शब्द, मध्ये फुली, उजव्या हाताला दुसरा शब्द. दिवसाच्या समोर रात्र, उंचाच्या समोर ठेंगणा, नफ्याच्या समोर तोटा. इथपर्यंत सारे ठीक आहे. पण त्याच रांगेत कुठेतरी ‘समान’ हा शब्द उभा असतो आणि त्याच्यापुढे ‘असमान’ असे छापलेले असते. हे उत्तर खोटे आहे असे मी म्हणत नाही. ते अपुरे आहे; आणि अपुऱ्या उत्तराला पूर्ण गुण द्यावयाचे व बाकीच्या साऱ्या उत्तरांवर लाल रेघ ओढावयाची, ही जी रीत आपण पाडून ठेवली आहे, तिने मुलांच्या मनात एक मोठी गैरसमजूत रुजते, असे माझे स्वच्छ मत आहे. ऐन दिवाळीत, फराळाच्या ताटापाशी ही व्याकरणाची कटकट कशाला, असे कुणी म्हणेल. त्यांना माझी विनंती एवढीच की, एका हातात चकली असू द्यावी, पण दुसऱ्या हाताने हे पान उलटू नये. प्रश्न व्याकरणाचा दिसत असला तरी तो आपल्या घरातल्या पोरांचा आहे; आणि विशेषेकरून तापीकाठच्या, आमच्या जळगाव-धुळ्याकडच्या पोरांचा आहे.

आधी शब्दच मोजू या. ‘समान’ हा सोवळ्यातला शब्द. त्याचा घरगुती भाऊ ‘सारखा’. संस्कृतातल्या ‘सदृक्ष’पासून घासत घासत, ‘सारिखा’ होऊन तो आपल्या ओसरीवर आला आहे. आता या सारख्याच्या उलट कोण कोण उभे आहेत ते पाहा. असमान, विषम, भिन्न, वेगळा, निराळा, न्यारा, आगळा, विविध, इतर, परका, उलटा. एवढी मंडळी एका शब्दाच्या समोर येऊन उभी राहिली आहेत आणि आमचे स्वाध्यायाचे पुस्तक म्हणते, यातला एकच खरा!

बरे, खुद्द ‘सारखा’ तरी एकच आहे काय? ‘दोन्ही भाऊ दिसायला सारखे’ हा एक सारखा. ‘सकाळपासून पोर सारखे रडते आहे’ हा दुसरा. त्याच्या उलट म्हणजे ‘अधूनमधून’. ‘पदर सारखा कर’ हा तिसरा. त्याच्या उलट म्हणजे ‘विस्कटलेला’. ज्या शब्दाला तीन अर्थ आहेत त्याला तीन विरुद्धार्थी असणार, हे आपल्या आजीला व्याकरण न शिकता कळत होते.

‘विषम’ हा शब्द घ्या. वैद्यकात तो भयंकर आहे. ‘विषमज्वर’ म्हटले की जुन्या माणसांच्या अंगावर अजून काटा येतो. समाजकारणात तो लाजिरवाणा आहे. ‘विषमता’ म्हणजे एकाच्या घरी धान्याच्या कणग्या आणि दुसऱ्याच्या घरी रिकामे मडके. पण हाच विषम गणितात गेला की सभ्य गृहस्थ होतो. दोन, चार, सहा सम. तीन, पाच, सात विषम. भूमितीत समभुज त्रिकोण असतो तसा विषमभुजही असतो, आणि विषमभुजाला कुणी कमी प्रतीचा त्रिकोण म्हणत नाही. त्याच्याही तीन कोनांची बेरीज १८० अंशच भरते. आणि लग्नाच्या मांडवात तर विषमाचा थाट विचारूच नका. आहेराच्या पाकिटात ५० रुपये घालून कुणी देत नाही. ५१ घालायचे, १०१ घालायचे. तिथे समालाच कुणी विचारीत नाही! एकच शब्द तापात वैरी, समाजात कलंक, वहीत सभ्य आणि मांडवात मंगल. त्याला एका फुलीच्या चिन्हाला कसे जखडणार?

‘वेगळा’चे पाहा. ‘थोरला वेगळा निघाला’ असे आपण म्हणतो, तेव्हा घरात दोन चुली होतात, भांडी वाटली जातात, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या लागतात. पण थोरल्याचे आडनाव बदलत नाही, आणि भाऊबिजेला बहीण दोघांनाही ओवाळते. म्हणजे वेगळा होणे हे तुटणे नव्हे. ‘निराळा’ त्याहून गोड आहे. ‘त्याची गोष्टच निराळी’ हे वाक्य माणूस निंदेत जितके वापरतो त्याहून अधिक कौतुकात वापरतो. आणि ‘आगळा’? जुन्या मराठीत ‘आगळा’ म्हणजे ‘अधिक’, ‘वरचढ’. एखादी गोष्ट फार आवडली की आपण तिला ‘आगळीवेगळी’ म्हणतो. आपल्या भाषेने वेगळ्याचा हात उण्याच्या हाती दिला नाही, अधिकाच्या हाती दिला. हे शहाणपण कोणा पंडिताचे नाही. ते बोलणाऱ्या लोकांचे आहे.

पंडितांचे शहाणपणही याहून काही निराळे नव्हते. शब्दाच्या मागे ‘अ’ किंवा ‘अन्’ लागला की त्याचा अर्थ काय होतो, याचा आपल्या जुन्या वैयाकरणांनी बारकाईने विचार करून ठेवला आहे. त्यांनी या नकाराचे सहा अर्थ सांगितले: सादृश्य, अभाव, अन्यत्व, अल्पत्व, अप्राशस्त्य आणि विरोध. ‘अनश्व’ म्हणजे घोड्याचा शत्रू नव्हे. घोड्याखेरीज दुसरे जनावर. ‘अनुदरा’ मुलगी म्हणजे जिला पोटच नाही अशी नव्हे, बारीक पोटाची. ‘अकाल’ म्हणजे काळ नाहीसा झाला असे नव्हे. काळ योग्य नाही. आणि ‘अधर्म’ म्हणजे मात्र धर्माच्या साफ विरुद्ध. या यादीतली गंमत अशी की, नकाराचा पहिलाच अर्थ त्यांनी सांगितला तो सादृश्य! ज्याला आपण ‘हा तो नव्हे’ म्हणतो तो बहुधा त्याच्यासारखाच काहीसा असतो. एरवी ‘नव्हे’ म्हणून सांगण्याची पाळीच येत नाही. आणि विरोध त्यांनी ठेवला तो अगदी शेवटी. आमच्या स्वाध्यायपुस्तिकेने पहिले पाच अर्थ उडवून लावले आणि सहावा तेवढा ठेवला. सहा खोल्यांचा वाडा मोडून आम्ही एका खोलीची चाळ बांधली.

याचे फळ काय मिळते ते मी डोळ्यांनी पाहिले आहे. धुळ्याला माझ्या भाचीकडे गेलो होतो. तिचा चौथीतला मुलगा वही घेऊन माझ्याजवळ आला. ‘समान’च्या पुढे त्याने ‘येगया’ असे लिहिले होते, ते त्याचे त्यानेच खोडून ‘वेगळा’ केले होते, आणि त्या ‘वेगळा’वर लाल फुली होती. शेजारी शाईने ‘असमान’ असे लिहून दिले होते. पोराने विचारले, ‘‘आबा, मनं काय चुकनं?’’

ज्यांना आमची बोली ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. अहिराणीत ‘ळ’ सहसा टिकत नाही, त्याचा ‘य’ होतो. शाळा ती शाया, डोळा तो डोया, फळ ते फय, काळा तो काया. तसाच वेगळा तो येगया. पोराने घरचा शब्द लिहिला, तो स्वतःच चुकीचा मानून खोडला, पुस्तकी मराठीतला नेमका शब्द लिहिला, आणि तरीही फुली मिळवली. एकाच ओळीत दोनदा त्याला सांगण्यात आले की तू चुकलास. पहिल्यांदा ते त्याने स्वतःच स्वतःला सांगितले, आणि मला सर्वांत अधिक लागले ते हेच. दुसरी फुली मास्तरांची होती, ती पुसता येईल. पहिली फुली नऊ वर्षांच्या पोराच्या आत बसली आहे, ती कुणी पुसावयाची?

ती कुठून आली हे शोधावयास फार लांब जावे लागत नाही. आमच्याकडे ‘शुद्ध’ आणि ‘अशुद्ध’ ही जोडी ‘समान’ आणि ‘असमान’ या जोडीच्या शेजारीच शिकवली जाते, आणि पोरे या दोन जोड्यांचा संसार एकत्र थाटतात. पुस्तकासारखे ते शुद्ध, पुस्तकासारखे नसेल ते अशुद्ध. ‘मला’ शुद्ध, ‘माले’ अशुद्ध. ‘तुझे नाव काय आहे’ शुद्ध, ‘तुनं नाव काय शे’ अशुद्ध. जणू अहिराणी ही मराठीच आहे, फक्त बोलणाऱ्याला ती नीट आली नाही!

वाचकहो, ही गोष्ट सरळ सरळ खोटी आहे. मोडक्या बोलण्याला नियम नसतो. अहिराणीला तो आहे. ‘ला’च्या जागी ‘ले’ येतो तो एखाद्या वेळी चुकून येत नाही, हटकून येतो. ‘माझा’च्या जागी ‘मना’, ‘तुझा’च्या जागी ‘तुना’. हे ‘ना-नी-नं’ प्रत्यय आमची आजी झोपेतसुद्धा चुकत नसे. क्रियापदाची तर मौजच आहे. पुस्तकी मराठीत मी करतो, तू करतोस, ती करते. प्रत्येकाचा दरवाजा वेगळा, पुरुषाचा आणि बाईचाही वेगळा. अहिराणीत मी करस, तू करस, तो करस आणि ती करस. बाप करस आणि माय बी करस. समानतेवर व्याख्याने देणाऱ्यांनी एकदा येऊन आमचे क्रियापद पाहून जावे! पण मी असे म्हणणार नाही की, आमचे क्रियापद म्हणून चांगले आणि पुण्याचे वाईट. दोन्हीकडे नियम आहे, दोन्हीकडे शिस्त आहे. दोन्ही वेगवेगळी आहेत, एवढेच.

या वेगळेपणाची नोंद परक्यांनी आमच्याआधी केली. ग्रियर्सनसाहेबांच्या हिंदुस्थानातील भाषांच्या पाहणीत मराठीला सातवा खंड दिलेला आहे; १९०५ साली तो निघाला. खानदेशी तुम्ही त्यात शोधू लागाल तर ती तिथे सापडणार नाही. ती १९०७ साली निघालेल्या नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात, भिल्ल बोलींच्या शेजारी बसवलेली आहे. तिची बैठक तीच असावी की दुसरी, यावर पंडितांनी पुष्कळ वाद घातला. कुणी तिला मराठीची बोली म्हणतात, कुणी गुजराथीजवळची, कुणी स्वतंत्र. २०११ च्या शिरगणतीतही ‘खानदेशी’ ही मराठीहून वेगळी मोजली गेली आणि तिच्या नावापुढे १८ लाखांहून अधिक माणसे लागली. घरात अहिराणी बोलून मोजणीदारापुढे ‘मराठी’ असे सांगणारे त्याखेरीज. असे सांगणाऱ्यांना मी दोष देत नाही. ज्या भाषेपुढे शाळेत फुली पडली, ती सरकारी कागदावर आपली म्हणून सांगण्याचे धैर्य कुठून यावे?

आणि असल्या वर्गवारीचे परिणाम कागदावरच राहतात असेही समजू नका. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र आणि गुजरात ही दोन राज्ये झाली, तेव्हा पश्चिम खानदेशातील नवापूर, नंदुरबार, अक्कलकुवा आणि तळोदे या तालुक्यांतली कित्येक गावे गुजरातेत गेली. माणसे तीच, शेते तीच, बोली तीच. सरहद्द तेवढी मधून गेली. ‘हा आमच्यासारखा’ आणि ‘हा आमच्याहून वेगळा’ हे दोन शब्द सरकारी नकाशावर उतरले की त्यांच्या अंगी केवढे बळ येते, ते आमच्या सातपुड्याच्या पायथ्याच्या लोकांना विचारा.

आता एक विनोद ऐका. विनोद माझा नाही, काळाचा आहे. २०१६ साली जळगावच्या भरिताच्या वांग्यांना आणि जळगावच्या केळ्यांना भौगोलिक मानांकन मिळाले. मानांकन म्हणजे काय? कायद्याने दिलेला दाखला, की हे वांगे दुसऱ्या वांग्यांसारखे नाही. ही माती, हे पाणी, ही हवा, हे पिकवणारे हात यांमुळे त्याला जो गुण आला तो इतरत्र नाही. सबब याचे नाव दुसऱ्याने वापरू नये. वांग्याचा वेगळेपणा हा वांग्याचा हक्क ठरला. त्याच मातीत, त्याच पाण्यावर, त्याच हातांनी वाढवलेले पोर मात्र ‘येगया’ म्हणाले की त्याचा एक गुण कापला जातो. भरिताच्या वांग्याला जो न्याय आपण दिला तो पोराच्या जिभेला का देऊ नये, याचे उत्तर मला अजून कुणी दिलेले नाही.

बहिणाबाईंचे नाव घेतल्यावाचून हा विषय खानदेशात पुरा होत नाही. असोद्याची ही लेक, जळगावच्या चौधऱ्यांची सून, १८८० साली जन्मली आणि १९५१ साली गेली. अक्षर म्हणून तिला वाचता येत नव्हते. तिच्या ओव्या मुलाने, सोपानदेवांनी, जपल्या. आचार्य अत्र्यांनी त्या ऐकल्या, त्यांचे मोल ओळखले, आणि १९५२ साली त्यांची प्रस्तावना घेऊन ते पुस्तक महाराष्ट्रापुढे आले. त्या पुस्तकाची भाषा पुस्तकी मराठी नाही, आणि नेमकी अहिराणीही नाही. ती जळगावकडची लेवा बोली आहे. तेव्हा कुणी लाल पेन्सिल घेऊन बसला असता आणि प्रत्येक ‘मले’चा ‘मला’ करीत गेला असता, तर काय उरले असते? व्याकरण उरले असते, बहिणाबाई गेल्या असत्या. २०१८ साली जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव दिले गेले, ते योग्यच झाले. पण फाटकावर ज्यांचे नाव आहे त्यांच्यासारखे बोलणारी पोर त्या फाटकातून आत जाताना घरची बोली बाहेर चपलांबरोबर काढून ठेवत असेल, तर आपण पणजीचे चित्र भिंतीवर लावले आणि पणतीचे तोंड बंद केले, असेच म्हणावे लागेल.

यावर एक आक्षेप येणार, आणि तो वजनदार आहे. प्रमाणभाषा नको काय? गडचिरोलीचा माणूस आणि सिंधुदुर्गाचा माणूस एकमेकांना पत्र लिहिणार कसे, कचेरीतला अर्ज, न्यायालयातला निकाल, दवाखान्यातली सूचना कोणत्या भाषेत लिहावयाची? मी म्हणतो, प्रमाणभाषा हवी, हजारदा हवी. ती पोरांना चोख शिकवा. ती न येण्याने आमच्या पोरांचे नुकसानच झाले आहे. पण माप आणि माल यांत फरक करा. बाजारात किलोचे वजन लागतेच. म्हणून किलोचे वजन कुणी शिजवून खात नाही, आणि जे त्या वजनासारखे दिसत नाही ते धान्यच नव्हे, असे कुणी म्हणत नाही. ‘शाळेत असे लिहितात, घरी तसे म्हणतात, दोन्ही बरोबर’ हे वाक्य उच्चारावयास मास्तरांना किती वेळ लागतो? त्या एका वाक्याने पोराला दोन भाषा मिळतात. फुलीने त्याला दीड मिळते: अर्धी सोडलेली, एक भीत भीत धरलेली.

दुसरा आक्षेप अगदी उलट्या बाजूने येतो, आणि तो आमच्याच गोतावळ्यातून येतो. काही उत्साही मंडळी म्हणतात, आमची बोली वेगळी, म्हणजे आमचा आणि मराठीचा काही संबंध नाही. त्यांनी आम्हाला दाबले, आता आम्ही त्यांना झिडकारू. ही मंडळी मास्तरांचीच शिष्य आहेत, हे त्यांच्या लक्षात येत नाही. मास्तरांनी ‘वेगळा’ म्हणजे ‘विरुद्ध’ असे शिकवले, आणि यांनी ते पाठ केले. बाजू तेवढी बदलली. डॉ. रमेश सूर्यवंशींसारख्या अभ्यासकांनी अहिराणीचा शब्दकोश केला, गावोगाव लोक अहिराणीत लिहू लागले, संमेलने भरू लागली, हे सारे मला मनापासून आवडते. या कामाला मराठीशी भांडण काढण्याची गरज नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हा आमच्याकडेही पेढे वाटले गेले. मराठीच्या आनंदात आम्ही पेढे वाटतो. आमच्या ‘माले’वर मराठीने फुली मारू नये, इतकाच आमचा देण्याघेण्याचा हिशेब.

आणि दिव्याखालचा अंधारही पाहिला पाहिजे. आम्ही खानदेशी म्हणून तक्रार करतो, पण खानदेश तरी कुठे एकसारखा आहे? धुळ्याकडे अहिराणी, यावल-रावेरकडे लेवा, जामनेर-भुसावळकडे तावडी; गुजरांची गुजरी निराळी, आणि शिरपूर-शहाद्याच्या वर, सातपुड्यात पावरी आणि भिल्ली त्याहून निराळ्या. पुण्याच्या माणसाने ‘माले’ला हसले की आमच्या अंगाचा तिळपापड होतो. पण पावऱ्यांचे पोर डोंगर उतरून आमच्या शाळेत येते, ओठ घट्ट मिटून मागच्या बाकावर बसते, आणि त्याच्या बोलीला आमचीच अहिराणी पोरे फिदीफिदी हसतात, तेव्हा आमच्यातला कोण उठून त्यांना गप्प करतो? फुली वरून खाली झिरपत जाते. पुण्याहून ती धुळ्याला येते, आणि धुळ्याहून आम्ही ती धडगावला पाठवतो.

या सगळ्या घोटाळ्याचे मूळ मला एकाच ठिकाणी दिसते. आपण दोन जोड्या एकमेकींत मिसळल्या आहेत. एक जोडी समता आणि विषमता. दुसरी जोडी सारखेपणा आणि वेगळेपणा. पहिल्या जोडीत विषमता वाईट आहे, ती गेलीच पाहिजे. तिच्यावर कितीही मोठी फुली मारा, माझी हरकत नाही. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत डॉ. आंबेडकरांनी जो इशारा दिला तो याच विषमतेचा होता: मतपेटीपाशी सर्वांचे मोल एक, आणि समाजात व संसारात मात्र ते एक नाही, ही विसंगती फार काळ चालवाल तर लोकशाही धोक्यात येईल. पण त्यांनी तयार केलेल्या त्याच राज्यघटनेत चौदावे कलम कायद्यापुढे सर्वांना समान मानते, आणि एकोणतिसावे कलम ज्यांची भाषा, लिपी वा संस्कृती वेगळी आहे त्यांना ती जतन करण्याचा हक्क देते. १९५६ साली तीत आणखी एक कलम घातले गेले, की भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्यांनी करावी. समान आणि वेगळा हे दोन शब्द एकाच ग्रंथात, एकाच छपराखाली सुखाने नांदत आहेत. घटनाकारांना ते विरुद्धार्थी वाटले नाहीत. फुलीवाल्या पुस्तिकेला तेवढे ते वाटतात! आणि म्हणून मुलाला समतेची ओढ लावावयाची तर त्याला सारखे केले पाहिजे, असा आपला समज झाला आहे. सर्वांना एका मापाचा सदरा शिवला की समता आली, असे म्हणण्यासारखेच ते आहे. ज्याला तो आखूड होतो त्याला विचारा!

सारखेपणा हा निरुपद्रवी तरी आहे काय? आमच्या केळीच्या मळ्यांना विचारा. केळीला बी धरत नाही. एका खोडाच्या मुनव्यांपासून दुसरी झाडे होतात, आणि आता तर ऊतिसंवर्धनाची रोपे येतात, शेकडो एकरांत अगदी एकासारखी एक. घड एकाच वेळी पडतात, माल एकसारखा भरतो, व्यापारी खूश असतो. पण जे एकाला होते ते सर्वांना होते. मध्य अमेरिकेत ‘ग्रॉस मिशेल’ नावाची एकच जात मैलोगणती लावलेली होती. पनामा मर रोग जमिनीतून पसरत गेला आणि १९५०च्या दशकाअखेर त्या जातीचा धंदा संपत आला. मग त्या जागी कॅव्हेंडिश कुळातली केळी आली. आमची जुनी बसराई आणि आजची ग्रँड नैन ही त्याच कुळातली. आता त्या कुळालाही गाठणारा मर रोगाचा नवा प्रकार जगात हिंडतो आहे आणि बिहार-उत्तर प्रदेशापर्यंत येऊन पोहोचला आहे. रावेरच्या शेतकऱ्याला हे सांगावे लागत नाही की, सगळेच सारखे असले म्हणजे पीक सुरक्षित झाले असे नव्हे. शेतात जे कळते ते शाळेत कळू नये काय?

तेव्हा माझे मागणे थोडक्यात सांगून टाकतो. मोठे काही नाही. पुस्तके करणाऱ्यांनी ‘समान’पुढची एक रिकामी जागा काढून तिथे तीन-चार जागा ठेवाव्यात, आणि मुलांना प्रत्येक शब्द वाक्यात वापरावयास सांगावा. ‘विषम’ कुठे, ‘भिन्न’ कुठे, ‘वेगळा’ कुठे, ‘निराळा’ कुठे, हे पोर एकदा वाक्यात वापरून शिकले की आयुष्यभर विसरणार नाही. मास्तरांनी ‘तुमच्या घरी याला काय म्हणतात?’ एवढा एक प्रश्न रोज एका मुलाला विचारावा. पावऱ्यांच्या पोराला आधी विचारावा. आणि आईबापांनी, विशेषतः नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईला, सुरतेला गेलेल्या आमच्या लेकीसुनांनी, पोरांशी घरात आपल्या बोलीत बोलताना आवाज खाली आणू नये.

या दिवाळीला अशी पुष्कळ मंडळी गावी येतील. नातवंडे आजीच्या ‘इकडे ये रे बा’ला दचकतील, तिच्या शब्दांना हसतील. तेव्हा त्यांना दटावू नका. त्यांना आजीजवळ बसवा आणि सांगा, की हिला दहा शब्द विचार. तुझ्या पुस्तकात नसलेले. आजी पहिल्यांदा लाजेल, ‘मना काय शब्द लिखतस!’ म्हणेल, मग सांगू लागेल. पोराची वही भरत जाईल. त्या वहीवर कुणी फुली मारणार नाही, एवढे तरी आपल्या हातात आहे.